कानजी चाळीची टीम

पावसाळ्यात क्रिकेटवाले पिचवर ताडपत्र्या टाकून घरी बसले, की आमचा हंगाम सुरू व्हायचा. मुंबईत मैदान क्रिकेटचं आणि चिखल फुटबॉलचा, ही जुनी वाटणी. आम्हाला तिच्याबद्दल तक्रार नव्हती. चिखलात पडलं तर लागतं कमी.

मी महापालिकेच्या शाळेत पी.टी. शिकवली आणि तिथूनच निवृत्त झालो. पण लालबाग-परळात मला 'जाधव सर' म्हणून जे ओळखतात, ते शाळेमुळे नाही. कानजी चाळीच्या फुटबॉल टीमचा कोच म्हणून ओळखतात. कोच म्हटलं की लोकांना वाटतं, रेषेबाहेर उभं राहून ओरडणारा माणूस. ओरडणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम म्हणजे माणसं जमवणं. फुटबॉलमध्ये सात खेळाडू मैदानात उभे राहिले नाहीत तर सामना सुरूच होत नाही, समोरच्याला बहाल होतो. त्यामुळे माझा रविवार दुसऱ्यांच्या दारात सुरू व्हायचा. कोणाची पाळी बदलून घे, कोणाच्या सासूला समजाव, कोणाला साखरपुड्याच्या मांडवातून तासाभरासाठी उचलून आण. एका साखरपुड्याचा तर नवरा मुलगाच आमचा सेंटर फॉरवर्ड होता. आणला त्यालाही. गोल मारून तो परत जाऊन बसला. फोटोत त्याच्या कानामागे चिखल दिसतो.

आमचा क्लब कोकणातून गिरणीत आलेल्या लोकांनी काढला. स्वतःचं मैदान नाही, ऑफिस नाही. कानजी चाळीचं पटांगण हेच सगळं. सराव शिवाजी पार्कच्या एका कोपऱ्यात, क्रिकेटची नेट्स आणि फिरायला येणारे आजोबा यांच्यामधल्या पट्ट्यात. आम्ही शहराच्या सगळ्यात खालच्या विभागात खेळायचो. एकदा वर चढलो, पुढच्या वर्षी परत खाली आलो. तेवढाच काय तो इतिहास, असं कोणी म्हणेल. पण माझ्यासाठी तो बाळा परबच्या घरापासून सुरू होतो.

मी कानजी चाळीतला नाही. रस्त्यापलीकडे आमची बौद्ध वस्तीची चाळ. दोन्ही चाळींतली माणसं एकाच गिरणीत, एकाच खात्यात काम करायची, आणि घरी आली की आपापल्या बाजूला जायची. मी गोलकीपर होतो. कानजीचा गोलकीपर आजारी पडला, तेव्हा त्यांचा स्टॉपर बाळा परब रस्ता ओलांडून मला बोलवायला आला. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढची शेवटची भिंत. बाळा अंगानं तसाच होता आणि बोलायला त्याहून वाईट. पण तो सामना आम्ही जिंकलो.

सामन्यानंतर सगळी टीम बाळाच्या घरी जेवायला बसायची, अशी पद्धत होती. मी बाहेर गॅलरीतच टेकलो. कोणी नको म्हटलं नव्हतं. पण आपण कुठे थांबायचं, हे आम्हाला लहानपणापासून न सांगता कळायचं. आत ताटं वाढली जात होती. बाळा दारात आला आणि साऱ्या चाळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "भायर कित्याक बसलंस? तुझी आंबोळी थंड होता हा. नको असात तर तसा सांग, मी खातंय."

मी आत गेलो. बाळाच्या आईच्या हातात झारा होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बाळाकडे, आणि माझ्या ताटात आंबोळी टाकली. त्या दिवसापासून मी कानजीचा झालो. पुढे खेळणं सुटलं आणि मी कोच झालो. बाळा क्लबचा अध्यक्ष झाला. माझ्या जागी माझगावहून डॉमनिक आला. गोदीत वेल्डर होता, आणि सामना सुरू होण्याआधी गोलपोस्टशी बोलायचा. काय बोलतो विचारलं तर म्हणायचा, "सर, ते आमच्या दोघांतलं आहे."

गिरण्या बंद पडल्या. टीममधली अर्धी माणसं वॉचमन झाली, काही रिक्षा चालवायला लागली, बाळा एका ऑफिसात शिपाई झाला. तरी टीम उभी राहायची. तिला खरा धक्का बसला तो चाळ पाडली तेव्हा. कानजी चाळ पुनर्विकासाला गेली. लोक भाड्याच्या खोल्या घेऊन डोंबिवली, विरार, जिथे जमेल तिथे गेले. शनिवारी कामावरून दमून आलेला माणूस रविवारी पहाटे विरारहून शिवाजी पार्कला येईल, अशी अपेक्षा मी तरी कोणत्या तोंडानं करणार? आधी अकरा यायचे, मग नऊ, मग सात. एके दिवशी सामन्याला आम्ही सहाजण होतो. रेफ्रीनं घड्याळ पाहिलं, शिट्टी वाजवली आणि समोरची टीम जिंकली. डॉमनिक गोलमध्ये उभाच होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, की सामना संपला.

पुढचं वर्ष आम्ही टीम उतरवलीच नाही. लीग चालवणाऱ्यांनी निरोप पाठवला, की यंदाही उतरवली नाहीत तर क्लबचं नाव काढावं लागेल.

तोवर चाळीच्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या. मागची आम्हा जुन्या लोकांची. तिचं दार गल्लीत. पुढची विकायची, काचेची, इंग्रजी नावाची. तिचं दार मोठ्या रस्त्यावर. मधे भिंत. आमचं पटांगण होतं तिथे गाड्या ठेवायचे तीन मजले, आणि त्यांच्या छतावर दोन्ही इमारतींना मिळून एक हिरवा गालिचा. त्याच्या कडेला पाटी : 'चेंडू खेळण्यास सक्त मनाई.' बाळा परत राहायला आला. नवीन घर, लिफ्ट, संडास घरात. सगळ्याचं कौतुक करायचा आणि संध्याकाळी त्या पाटीसमोर जाऊन उभा राहायचा.

मी तेव्हा शिवाजी पार्कला रविवारी लहान मुलांना शिकवत होतो. बाळाचा नातूही त्यांत असायचा. त्याला सोडायला त्याची आई यायची. मानसी, बाळाची सून. परळला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. दोन वर्षं ती कट्ट्यावर बसून सराव पाहायची आणि मुलाला घेऊन निघून जायची. माझ्याशी बोलणं म्हणजे "नमस्कार सर" आणि "येते सर."

एका सकाळी चेंडू लांब तिच्याकडे गेला. मी हात केला, की दे टाकून. तिनं चपला काढल्या. चेंडू पायाखाली थांबवला, मान वर करून मी कुठे आहे ते पाहिलं आणि डाव्या पायानं मारला. अर्धं मैदान ओलांडून तो माझ्या बुटाशी येऊन पडला. मला एक पाऊलही हलावं लागलं नाही.

मी चालत तिच्यापाशी गेलो. "कुठे शिकलीस गं?"

"मी कोल्हापूरची आहे ओ सर," ती म्हणाली.

यापुढे काही विचारायचं उरत नाही. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल आहे, घरातलं देवघर असावं तसा. ती शाळेपासून खेळत होती, कॉलेजच्या टीमची कॅप्टन होती. मग लग्न झालं.

"घरी माहीत आहे?"

"बाबांना माहितेय की. लग्न ठरलं तेव्हा तेच म्हणाले, आमच्या घरात फुटबॉल कळणारी मुलगी येते म्हणून." ती थोडं हसली. "कळणारी. खेळणारी नव्हे."

बाळा घरी तिच्याबरोबर टीव्हीवर सामने बघायचा, हे मला माहीत होतं. ऑफसाइडवरून दोघांची भांडणं व्हायची आणि बहुतेक वेळा ती जिंकायची.

त्या वर्षी लीगवाल्यांनी बायकांच्या टीम वाढवायच्या ठरवल्या होत्या. क्लबनं पुरुषांची टीम उतरवली नाही, पण बायकांची उतरवली, तरी नाव राहणार होतं. हे मी मानसीला सांगितलं. ती म्हणाली, "माणसं मी जमवते. बाबांना तुम्ही सांगा."

तिचं काम सोपं होतं. लॅबमधल्या दोघी आल्या. चाळ सोडून डोंबिवलीला गेलेल्या दोन बहिणी आल्या. माझ्या शाळेतल्या जुन्या विद्यार्थिनी आल्या. त्यांतली एक आता पोलिसात आहे. मानसी त्या हिरव्या गालिच्यावर पाटीला पाठ करून चेंडू पायावर उडवत बसायची. एकदा पुढच्या काचेच्या इमारतीतून एक मुलगी तरातरा खाली आली. आम्हाला वाटलं, आली तक्रार. ती म्हणाली, "मैं भी आऊँ क्या?" तिचं नाव नित्या. चेन्नईची, कुठल्याशा मोठ्या कंपनीत नोकरी, एकतिसाव्या मजल्यावर एकटी राहणारी. पळायला चपळ, पण चेंडू पायात आला की डोळे मिटायची. अशी नऊ-दहा-अकरा करत टीम झाली. डॉमनिकनं माझगावहून येऊन गोलकीपर तयार करायचं कबूल केलं.

माझं काम मात्र अवघड निघालं.

"सूर्या, तुझा डोक्या फिरला काय?" बाळा मला म्हणाला. आम्ही त्याच्या नव्या हॉलमध्ये बसलो होतो. "माझी सून चड्डी घालून हजार लोकांसमोर धावतली?"

"हजार कुठले? आपल्या सामन्याला कुत्रं येत नाही."

"मस्करी नको. माझ्या टीममधी माझ्याच घरातली बाई? लोक काय म्हणतले?"

"क्लबचं नाव जाईल, बाळा."

"जाव दे. आपली पोरां नाय येवक, तर जाव दे."

मी मग जे बोलायचं नाही असं ठरवून आलो होतो तेच बोललो. "त्या दिवशी गॅलरीत मी बसलो होतो तेव्हा लोक काय म्हणतील, हा विचार तू केला असतास, तर मी अजून तिथेच बसलेला असतो."

बाळाचं तोंड लाल झालं. "त्येचो हेच्याशी काय समंध?"

"तू सांग."

तो उठून खिडकीपाशी गेला. मला वाटलं, चाळीस वर्षांची मैत्री आज इथेच संपणार. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुलभावहिनी बाहेर आल्या, बाळाची बायको. या बाईनं टीमच्या जर्सी इतकी वर्षं धुतल्या, की चाळीच्या मोरीत त्यांची एक वेगळी दोरीच होती. मी त्यांना कधी मैदानावर पाहिलं नाही. फुटबॉलबद्दल एक शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

"इतकी वर्सां तुमच्या अकरा रेड्यांचो चिखल मी धुतलंय," त्या बाळाला म्हणाल्या. "कोणी इचारूक नाय, सुलभा, तुका बघूक येवचा हा काय. आता माझ्या सुनेचो एक शर्ट धुवूक गावलो, तर तुमचा काय जाता?"

वहिनींनी माझ्यापुढे चहा ठेवला आणि आत गेल्या. मी तो प्यालो आणि निघालो. दारात मानसी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. डोळे भरलेले होते, पण म्हणाली एवढंच, "सर, उद्या सहाला ना?"

बाळा पुढे कित्येक दिवस माझ्याशी बोलला नाही. हो नाही आणि नाहीही नाही. मानसी सरावाला येत राहिली आणि त्यानं तिला अडवलं नाही. मग एका सकाळी तो शिवाजी पार्कला दिसला. फिरायला आलेल्या म्हाताऱ्यांत मिसळून, आमच्याकडे न बघता चालला होता. त्यानं एक चक्कर मारली, दुसरी मारली. तिसऱ्या वेळी आमच्या कोपऱ्यापाशी त्याचा वेग कमी झाला. मानसी त्याच्याच जागी खेळत होती, स्टॉपरला. दोनदा तिच्या बाजूनं गोल झाला.

बाळा माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "ती बॉल बघता."

"मग सांग तिला."

"माका काय गरज?" असं म्हणून तो उभाच राहिला. तिसरा गोल झाला तेव्हा त्याला राहवेना. रेषेवर गेला आणि ओरडला, "मानसी! माणूस बघ, बॉल नको बघू! बॉल खंय पळान जाणा नाय!"

ती वळली. मग ती म्हणाली, "हां, बाबा." आणि पुढचा चेंडू तिनं अडवला.

आता क्लब बरा चालला आहे, हे आधीच सांगून टाकतो. यंदा पुरुषांची टीमसुद्धा परत उतरली. डोंबिवलीच्या बहिणींनी आपल्या भावांना ओढून आणलं. सराव मानसी घेते. कोचिंगची परीक्षा देऊन आली. मी शंकू मांडतो आणि गप्प बसतो. गप्प बसणं मला या वयात शिकावं लागलं, पण जमतंय. खंत एकच. सुलभावहिनींसारख्या किती बायका त्या चाळीत होत्या, ज्यांना बोलवायला मी कधी गेलो नाही. माणसं जमवण्यात मी स्वतःला तरबेज समजायचो. निम्मी माणसं समोर असून मला दिसलीच नव्हती.

पण मला सांगायचं आहे ते पहिल्या हंगामातल्या शेवटच्या सामन्याचं. तोवर आम्ही सगळे सामने हरलो होतो. हरणं मला नवीन नाही, पण आम्ही एक गोलही केला नव्हता. मुली वाकून गेल्या होत्या. लॅबमधल्या दोघी आपसात कुजबुजत होत्या, की पुढच्या वर्षी वेळ मिळणार नाही. नित्या म्हणत होती, माझ्यामुळे सगळं बिघडतं. मला तो सूर ओळखीचा होता. टीम मोडते ती अशीच. भांडून नाही, कारणं सांगून.

सामना दक्षिण मुंबईतल्या एका मैदानावर होता आणि धो धो पाऊस. समोरची टीम जबरदस्त. उत्तरार्धात चार गोल झाले होते आमच्यावर. डॉमनिक आमच्या गोलमागे छत्री धरून पोस्टला काहीतरी समजावत होता. बाळा रेषेवर नुसता उभा, आवाज बसलेला.

सामना संपत आला होता. त्यांचा एक चेंडू मानसीनं छातीवर घेतला. तिला अडवायला कोणी नव्हतं. तिनं मान वर केली, नित्याला पाहिलं आणि डाव्या पायानं चेंडू उचलून टाकला. तो पावसातून लांब गेला. नित्या धावली. त्यांची गोलकीपरही पुढे धावली. दोघी एकदमच पोचल्या आणि घसरल्या. चेंडू नित्याच्या गुडघ्याला लागला. डोळे तिनं मिटलेलेच होते, हे मी शपथेवर सांगेन. चेंडू संथपणे, एका डबक्यात अडकतो की काय असं वाटत, गोलच्या रेषेपलीकडे गेला.

नित्याला कळलंच नाही. तिच्यावर चार जणी पडल्या तेव्हा कळलं. मी शाळामास्तर माणूस, मला नाचता येत नाही. पण माझी छत्री कुठे गेली ते मला आजतागायत माहीत नाही. आणि बाळा परब, वय वर्षं सत्तर, चपला घालून मैदानात धावत सुटला. एक चप्पल चिखलात राहिली. रेफ्री शिट्टी वाजवत त्याच्या मागे. "सर, ह्यांना बाहेर घ्या!" असं मला ओरडून सांगत होता, आणि हसतही होता. बाळा मानसीपर्यंत पोचला, आणि तिच्यासमोर जाऊन काय करावं हे न सुचून त्यानं तिच्याशी हात मिळवला. एखादा अध्यक्ष बक्षीस समारंभात मिळवतो तसा.

परत आलो तेव्हा मागच्या गल्लीत पाणी भरलं होतं. टॅक्सीवाल्यांनी मोठ्या रस्त्यावर, काचेच्या इमारतीसमोर सोडलं. चिखलानं माखलेल्या अकरा बायका, मानसीचा मुलगा आणि आम्ही तीन म्हातारे. दारावर नवीन वॉचमन होता. त्यानं हात आडवा केला.

"किधर जाना है?"

"कानजी चाळ," मानसी म्हणाली.

"ऐसा कोई बिल्डिंग नहीं है इधर."

बाळा काही बोलायच्या आत नित्या पुढे आली. तिचा चेहरासुद्धा ओळखू येत नव्हता. तिनं खिशातून तिथल्या रहिवाशाचं कार्ड काढून दाखवलं आणि मोडक्या मराठीत म्हणाली, "आहे. हेच आहे कानजी चाळ. दार उघडा."

त्यानं दार उघडलं. आम्ही त्या चकचकीत फरशीवरून, झुंबराखालून, चिखलाची पावलं उमटवत आत गेलो आणि भिंतीतल्या दारानं मागच्या इमारतीत पोचलो. जिन्याखाली सुलभावहिनी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन उभ्या होत्या. मानसीच्या मुलानं त्यांना फोनवर काहीतरी सांगितलं होतं, पण त्यांना धड कळलं नव्हतं.

"किती झाले?" त्यांनी बाळाला विचारलं.

"एक," बाळा म्हणाला.

"आणि त्यांचे?"

बाळानं टॉवेल घेतला, एका पायातली उरलेली चप्पल काढली आणि म्हणाला, "त्यांच्याशी माका काय करूचा हा?"